‘डिप्रीशिएट’च्या उलट काय? आधी ते वाक्य मराठीत म्हणून बघा

काटोलहून नागपुरात येऊन बँकेच्या आणि एसएससीच्या (म्हणजे कर्मचारी निवड आयोगाच्या) परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आहे. डिव्हॅल्यू, डिप्रीशिएट, डिग्रेड, डिबेस, डिमीन, बिलिटल या सगळ्या शब्दांपुढे तिच्या वहीत ‘किंमत कमी करणे’ एवढा एकच अर्थ लिहिलेला आहे. अर्थ एक, म्हणजे विरुद्धार्थीही एकच असायला हवा, असं तिला वाटतं. पण क्लासच्या नोट्समध्ये तो अप्रीशिएट आहे, मोबाइलवरच्या कोशात एन्हान्स आहे आणि मैत्रिणीच्या पीडीएफमध्ये अपग्रेड. सराव परीक्षेत डिमीनसमोर तिनं अप्रीशिएट निवडलं, उत्तरतालिकेत डिग्निफाय निघालं. ‘यातलं बरोबर कोणतं? अशा किती जोड्या पाठ करू? आणि नोकरीच्या अर्जात, माझ्यामुळे कामाला किंमत आली, हे इंग्रजीत कसं लिहू?’ असे तिचे तीन प्रश्न आहेत.

ताई, मी नागपुरात कोर्टाचे, बँकांचे आणि जमिनीच्या व्यवहारांचे कागद भाषांतरित करते आणि संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींना इंग्रजी शिकवते. हे शब्द दोन्हीकडे सतत हाताखालून जातात. कागदात चुकले तर पक्षकाराला भोगावं लागतं, परीक्षेत चुकले तर गुण जातात. एसएससी सीजीएलच्या, म्हणजे पदवीधरांसाठीच्या सरकारी नोकरीच्या परीक्षेच्या, पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न, प्रत्येकी २ गुण आणि चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा. तेव्हा तुमची काळजी रास्त आहे.

पण अडचण विरुद्धार्थी शब्दांत नाहीच, ती वहीतल्या त्या एका अर्थात आहे. ‘किंमत कमी करणे’ हे मराठी कोणी बोलत नाही. आपण काय बोलतो ते आठवा. संत्र्याचा भाव उतरतो. गाडीचा घसारा धरतात. सरकार चलनाचं अवमूल्यन करतं. सोनं हिणकस निघतं. सासरचे सुनेला हिणवतात. साहेब हाताखालच्या माणसाला कमी लेखतात. चारचौघांत एखाद्याचा पाणउतारा होतो. या सात वाक्यांत सात वेगळ्या गोष्टी घडतात, आणि त्यांच्या उलट काय हे तुम्हाला कोणी शिकवावं लागत नाही : भाव वधारतो, सोनं चोख असतं, सुनेचं कौतुक होतं, माणसाची कदर होते, त्याचा मान राखला जातो. ‘हिणकस’च्या उलट ‘वधारलेलं’ असं कोणी म्हणेल का? इंग्रजीतही तसंच आहे. मराठीत तुमच्याकडे जी समज आधीच होती ती वहीतल्या एका ओळीनं पुसून टाकली आणि मग इंग्रजीनं घोळ घातला असं वाटू लागलं.

म्हणून मी वर्गात एकच सवय लावते. विरुद्धार्थी शोधायच्या आधी दिलेलं वाक्य चांगल्या, रोजच्या मराठीत म्हणा. त्याच्या उलटं वाक्यही मराठीत म्हणा. मग इंग्रजी पर्यायांकडे वळा. शब्द एकटाच दिला असेल, वाक्य नसेल, तर त्याचं एक वाक्य स्वतः करा. हे करताना एक प्रश्न मनाशी ठेवा : ज्याची किंमत कमी झाली ते आतून बदललं, की ते होतं तसंच राहिलं आणि फक्त त्याचा भाव किंवा त्याच्याबद्दलचं बोलणं बदललं?

आता अप्रीशिएट. हा शब्द सगळ्यात जास्त वापरला जातो आणि सगळ्यात जास्त चुकतो, म्हणून त्याच्यावर थोडं थांबू. लॅटिनमध्ये ‘प्रेतियम’ म्हणजे किंमत. इंग्रजीतले प्राइस, प्रेशस, प्रेझ, अप्रेझ, अप्रीशिएट आणि डिप्रीशिएट हे सगळे त्याच घरचे. त्यामुळे डिप्रीशिएट–अप्रीशिएट ही जोडी अस्सल आहे. दोन्ही शब्दांचे दोन-दोन अर्थ एकमेकांसमोर नीट बसतात. पहिला अर्थ भावाचा. वर्धा रोडकडचा प्लॉट काही वर्षांत वधारला, तर प्लॉट अप्रीशिएट झाला. दारातली गाडी वर्षागणिक उतरते, म्हणजे गाडी डिप्रीशिएट होते. बँकेच्या मूल्यांकन अहवालात एकाच मालमत्तेबद्दल दोन्ही शब्द शेजारी येतात, कारण जमीन वधारते आणि तिच्यावरची इमारत झिजते. दुसरा अर्थ माणसाच्या नजरेचा. कोणाच्या कामाला कमी लेखणं हा डिप्रीशिएटचा जुना, आता थोडा पुस्तकी झालेला अर्थ, आणि त्याच्या उलट कामाची कदर करणं, म्हणजे पुन्हा अप्रीशिएटच.

मुलं अडखळतात ती व्याकरणात. भावाच्या अर्थानं अप्रीशिएट होणं ही वस्तूची स्वतःची क्रिया आहे. प्लॉट वधारतो, त्याला कोणी ‘वधारत’ नाही. ‘मी रंगरंगोटी करून घर अप्रीशिएट केलं’ हे वाक्य इंग्रजीत तुमच्या अर्थानं उभंच राहत नाही, ऐकणाऱ्याला वाटेल तुम्ही घराचं कौतुक केलंत. स्वतः काही करून किंमत वाढवली असेल तर एन्हान्स, इम्प्रूव्ह किंवा ‘रेझ द व्हॅल्यू’. म्हणून वाक्यात कर्ता कोण आणि कर्म आहे की नाही, हे आधी बघा. चार पर्यायांतले एकदोन तर एवढ्यानंच गळतात.

अप्रीशिएटचा तिसरा अर्थ कोर्टात भेटतो, आणि नागपूर खंडपीठाचे निकाल वाचायची कधी वेळ आली तर तो माहीत असलेला बरा. निकालपत्रात ‘अप्रीसिएशन ऑफ एव्हिडन्स’ हे शब्द वारंवार येतात. तिथे पुराव्याचं कोणी कौतुक करत नाही. साक्षीदार विश्वासार्ह आहे का, जबाब एकमेकांशी जुळतात का, हे तोलून पाहणं म्हणजे ते अप्रीसिएशन. आपण मराठीत त्याला पुराव्याचं मूल्यमापन म्हणतो. इथे किंमत वाढवण्याचा संबंधच नाही, ती ठरवण्याचा आहे. अशा वाक्यातल्या अप्रीशिएटचा विरुद्धार्थी डिप्रीशिएट होऊच शकत नाही. ‘आय अप्रीशिएट युअर डिफिकल्टी’ म्हणणारा माणूसही तुमच्या अडचणीचं कौतुक करत नसतो, ती मला समजते एवढंच सांगत असतो.

डिव्हॅल्यू हा शब्द चलनाच्या संदर्भात आला की नेमकेपणा हवा. दर सरकारनं ठरवलेला असेल आणि सरकारनंच तो खाली आणला तर डिव्हॅल्यूएशन. ६ जून १९६६ ला भारतानं डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये केला, ते अवमूल्यन. जुलै १९९१ मध्ये १ आणि ३ तारखेला दोन टप्प्यांत केलं, तेही अवमूल्यन. १९९३ पासून रुपयाचा दर बाजारात ठरतो. त्यामुळे आज डॉलर महागला की इंग्रजी अर्थवृत्तात रुपया डिप्रीशिएट झाला असं येतं, आणि उलट झालं की अप्रीशिएट. आपली वर्तमानपत्रं ‘घसरला’ आणि ‘वधारला’ लिहितात, ते अगदी अचूक आहे. सरकारनं ठरवून दर वर नेला तर मात्र तो शब्द रिव्हॅल्यू. चीननं जुलै २००५ मध्ये डॉलरचा दर सुमारे ८.२८ युआनवरून ८.११ वर आणला, ते रिव्हॅल्यूएशन होतं. आकडा कमी झाला, म्हणजे युआन महाग झाला. परीक्षेत इथे हमखास गडबड होते, तेव्हा आकडा वाढला की कमी झाला एवढंच न बघता एका डॉलरला किती युआन मोजावे लागतात ते बघा.

पण रिव्हॅल्यू हा शब्द बेभरवशाचा आहे. कॉलेजातले पोट्टे निकाल लागला की ‘रिव्हॅल टाकतो’ म्हणतात, आणि त्यांना पक्कं ठाऊक असतं की पुनर्मूल्यांकनात गुण वाढतीलच असं नाही. म्हणजे रिव्हॅल्यूचा एक अर्थ नुसता ‘परत किंमत ठरवणे’ आहे, तो वरही जातो आणि खालीही. चलनाचं वाक्य असेल तर डिव्हॅल्यूसमोर रिव्हॅल्यू घ्या. ‘तिच्या घरकामाला कोणी किंमत दिली नाही’ अशा वाक्यातल्या डिव्हॅल्यूसमोर तो घेऊ नका, तिथे व्हॅल्यू, अप्रीशिएट किंवा रेकग्नाइझ लागेल. घरकाम जितक्या मोलाचं होतं तितकंच आहे, फक्त ते कोणी पाहिलं नाही.

आता एन्हान्स. कोशात तो सगळ्यात वर येतो, कारण तो सगळ्यात मोघम आहे. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘उंच’ या अर्थाचा शब्द आहे. उंचावणं हाच त्याचा गाभा, म्हणून तो किंमत, दर्जा, चव, सौंदर्य, प्रतिष्ठा यांतल्या कशालाही चालतो. विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या घरात हा इंग्रजी शब्द पेपरात येण्याच्या कितीतरी आधी पोचला आहे. जमीन सरकारी प्रकल्पात गेली, मोबदला कमी वाटला, की वकील सांगतात, ‘एन्हान्समेंटसाठी अर्ज करू’. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात हा मार्ग कलम १८ खाली होता, २०१३ च्या कायद्यात कलम ६४ खाली आहे. गोसीखुर्द धरणाच्या पट्ट्यात ‘वाढीव मोबदला’ हे शब्द लहान पोरालाही कळतात. इथे जमीन बदलत नाही, बाजारही आपोआप वर जात नाही. आधी कमी धरलेली रक्कम कोर्ट वाढवून देतं. रक्कम, दर, मोबदला यांच्या बाबतीत एन्हान्सच्या उलट रिड्यूस येईल, डिग्रेड नाही.

त्याच कोर्टात ‘एन्हान्समेंट ऑफ सेंटेन्स’ही असतं, म्हणजे शिक्षा वाढवून मागणं. यावरून कळेल की कायद्याच्या भाषेत एन्हान्स म्हणजे फक्त वाढवणं, ती वाढ कोणाच्या भल्याची असो वा नसो. रोजच्या इंग्रजीत मात्र तो चांगल्या गोष्टींपुरताच राहिला आहे. प्रॉब्लेम एन्हान्स झाला, आजार एन्हान्स झाला असं कोणी लिहीत नाही, तिथे अ‍ॅग्रव्हेट किंवा वर्सन. अर्जात आणि निबंधात लिहिताना ही रेघ सांभाळा.

वस्तू आतून बिघडते तेव्हा डिबेस, डिग्रेड, डिटीरियोरेट हे शब्द येतात. डिबेसचा विचार करताना मी मुलांना इतवारीतल्या सराफ्याची आठवण करून देते. शुद्ध सोन्यात दुसरा धातू वाढवत गेलं की ते हिणकस होतं. पूर्वी राजे नाण्यांतही हेच करत, चांदी कमी आणि तांबं जास्त, आणि इतिहासाच्या पुस्तकांत त्याला ‘डिबेसमेंट ऑफ कॉइनेज’ म्हणतात. त्याच्या उलट रिफाइन किंवा प्युरिफाय. हॉलमार्कवरचा ९१६ आकडा म्हणजे २२ कॅरेट, हजारात ९१६ भाग सोनं. सोन्याचा भाव वाढला म्हणून हिणकस सोनं चोख होत नाही. डिबेससमोर अप्रीशिएट का चुकतं, ते एवढ्यावरून पटावं. भाषा, चारित्र्य, राजकारण यांच्याबद्दल डिबेस आला तर एलिव्हेट, एनोबल, प्युरिफाय यांतला जो दिला असेल तो.

डिग्रेडचं मूळ पायरीत आहे, ‘ग्रेड’ म्हणजे पायरी. म्हणून पद, दर्जा, पत यांच्या बाबतीत अपग्रेड शोभतो, खरं तर तिथली चपखल जोडी डाउनग्रेड–अपग्रेड. पण वनखात्याच्या कागदात ‘डिग्रेडेड फॉरेस्ट’ असतं, म्हणजे विरळ झालेलं, माती उघडी पडलेलं जंगल. ते परत चांगलं करणं म्हणजे रिस्टोर करणं. जंगल अपग्रेड होत नाही, मोबाइल होतो. आणि माणसाला डिग्रेड केलं असेल तर दोन्ही चालत नाहीत, त्याकडे पुढे येते. जमिनीचा कस गेला तर डिप्लीट किंवा इम्पॉव्हरिश, कस वाढवला तर एन्रिच. युरेनियमचंही तसंच : निसर्गात मिळणाऱ्या युरेनियममध्ये २३५ अणुभाराचा अंश सुमारे ०.७ टक्के असतो, तो वाढवला की एन्रिच्ड आणि काढून घेतला की डिप्लीटेड. ही जोडी लक्षात ठेवायला सोपी, कारण दोन्ही शब्द बातम्यांत येतात.

बिलिटल, डिसपॅरेज आणि डेनिग्रेट यांत वस्तू किंवा माणूस जसाच्या तसा असतो, कोणाच्या तरी तोंडून त्याची किंमत कमी होते. कवितेवर टीकाकार बोलला, कवितेचा एक शब्दही बदलला नाही. म्हणून या सगळ्यांच्या उलट बोलण्याचेच शब्द येतात : प्रेझ, कमेंड, एक्स्टोल. एन्हान्स इथे फसवा पर्याय असतो आणि पेपर काढणारे तो मुद्दाम ठेवतात. बिलिटल हा शब्द थॉमस जेफरसनच्या १७८० च्या दशकातल्या लेखनात पहिल्यांदा आढळतो. अमेरिकेतले प्राणी युरोपातल्यांपेक्षा लहान असतात, या ब्युफाँ नावाच्या फ्रेंच निसर्गअभ्यासकाच्या मताला उत्तर देताना त्यानं तो ‘आकारानं लहान करणे’ या सरळ अर्थानं वापरला. कमी लेखण्याचा अर्थ नंतर पक्का झाला. म्हणून काही प्रश्नसंचांत बिलिटलसमोर मॅग्निफाय दिसतो. शब्दाच्या मुळाला धरून तो ठीक आहे, पण पर्यायांत प्रेझही असेल तर आजच्या अर्थाला प्रेझच जवळचा. एक्झॉल्ट आणि ग्लोरिफाय यांच्या बाबतीत थोडं जपून. एक्झॉल्ट भक्तीच्या आणि जुन्या भाषेतला आहे, आणि ग्लोरिफायला आता ‘नको त्याचं उदात्तीकरण’ असा वास येतो.

तुमचा डिमीन आता घेऊ, कारण गुण गेला तो तिथे. डिमीन म्हणजे माणसाचा मान खाली आणणं, आणि माणसाला डिग्रेड करणंही तेच. माणसाला भाव नसतो, त्याची प्रत ठरवता येत नाही, त्याला नुसती शाबासकी देऊनही तो मान परत येत नाही. त्याच्या उलट असतं प्रतिष्ठा देणं, म्हणून डिग्निफाय. एनोबल आणि ऑनर हेही चालले असते. अप्रीशिएट पूर्ण चूक आहे असं मी म्हणणार नाही, कारण कदर करण्यात आदर असतोच. पण समोर डिग्निफाय दिसत असताना तो दूरचा ठरतो. एखाद्या सफाई कामगाराला ‘तुझं काम छान आहे’ म्हणून त्याला दाराबाहेरच पाणी दिलं, तर अप्रीशिएट केलं असेल, डिग्निफाय केलेलं नाही.

या जोडीची सगळ्यात चांगली वाक्यं आपल्या संविधानात आहेत आणि मी मुलांना तीच पाठ करायला सांगते. उद्देशिकेत ‘डिग्निटी ऑफ द इंडिव्हिज्युअल’ आहे, मराठीत ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं आलेल्या मूलभूत कर्तव्यांत, अनुच्छेद ५१क च्या (ङ) खंडात, ‘डेरोगेटरी टु द डिग्निटी ऑफ विमेन’ असे शब्द आहेत. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडून द्याव्यात, असं ते कर्तव्य. डेरोगेटरी आणि डिग्निटी, किंमत उणी करणारा शब्द आणि त्याच्या समोरचा शब्द, एकाच ओळीत समोरासमोर उभे आहेत. दीक्षाभूमी ज्या शहरात आहे तिथल्या मुलांना डिग्निटीचा अर्थ कोशातून समजवावा लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे जमलेल्या लाखो माणसांनी त्या दिवशी काय मिळवलं, असं मी वर्गात विचारते आणि उत्तर पहिल्या बाकावरून येतं. ते अप्रीसिएशन नव्हतं आणि अपग्रेड तर नव्हतंच. डिमीन आणि डिग्निफाय यांच्यातलं अंतर त्यानंतर कोणी विसरत नाही.

आता काही सापळे, भराभर. अंडरव्हॅल्यूच्या उलट ओव्हरव्हॅल्यू आहे, आणि तो काही चांगला शब्द नाही. किंमत कमी धरणं ही एक चूक, जास्त धरणं ही दुसरी. अंडरएस्टिमेट–ओव्हरएस्टिमेटचंही तेच. म्हणजे ‘वाईटाच्या उलट चांगलं’ हा हिशेब इथे लागत नाही. इनव्हॅल्युएबल आणि प्राइसलेस म्हणजे अमूल्य, त्यांच्या उलट व्हॅल्यूलेस आणि वर्थलेस. ‘इन’ आणि ‘लेस’ बघून गोंधळू नका. डेप्रिकेट हा डिप्रीशिएटसारखा दिसतो, पण तो वेगळ्या घरातला, मूळ ‘प्रार्थना करून टाळणे’ या अर्थाचा. आज तो नापसंती दाखवण्यासाठी येतो, त्याच्या उलट अप्रूव्ह. अप्रेझ म्हणजे किंमत ठरवणे, अप्राइझ म्हणजे कळवणे. आणि सुरुवातीचा ‘डि’ काढून दुसरं काही लावलं की विरुद्धार्थी तयार, हा नियम अर्धाच खरा आहे. इन्फ्लेट–डिफ्लेट, प्रमोट–डिमोट, असेंड–डिसेंड इथे तो चालतो. डेनिग्रेट, डिमीन, डिसपॅरेज इथे तसा जोडीदार मुळात नाहीच.

एक उदाहरण सोडवून दाखवते. समजा वाक्य आहे : ‘द रिव्ह्यूअर डिसपॅरेज्ड द यंग पेंटर्स वर्क’, आणि पर्याय एन्हान्स्ड, अप्रीशिएटेड, एक्स्टोल्ड, रिफाइन्ड. मराठीत म्हणा : समीक्षकानं तरुण चित्रकाराच्या कामाला नावं ठेवली. उलट म्हणा : समीक्षकानं त्याच्या कामाची वाखाणणी केली. चित्र बदललं का? नाही. म्हणून एन्हान्स्ड आणि रिफाइन्ड गेले. उरले दोन. अप्रीशिएट मनातही होऊ शकतं, डिसपॅरेज मात्र बोलून किंवा लिहूनच होतं, आणि त्यात जोर आहे. तेवढाच जोर असलेला, बोलण्याचा शब्द एक्स्टोल. एक्स्टोल्ड पर्यायांत नसता तर मी अप्रीशिएटेड निःशंकपणे निवडलं असतं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच येतं : क्लासच्या नोट्स, मोबाइलवरचा कोश आणि पीडीएफ, तिन्ही आपापल्या वाक्यात बरोबर असू शकतात, आणि परीक्षेत तर सोबतचे तीन पर्याय कोणते आहेत यावरही ते अवलंबून असतं. कधीकधी पेपर काढणाऱ्यानं समानार्थी कोशातला गट सरळ उचललेला असतो आणि दोन पर्याय सारखेच बरोबर निघतात. तेव्हा प्राथमिक उत्तरतालिकेवर आक्षेप नोंदवायला जी मुदत असते ती चुकवू नका, आणि आक्षेपासोबत नामांकित कोशातलं वाक्य जोडा, नुसता शब्द नको.

किती जोड्या पाठ करायच्या, या प्रश्नाला मी आकडा देणार नाही. तुमच्या पाठीशी आधी किती वाचन आहे त्यावर ते ठरतं. बारावीपर्यंत इंग्रजी वर्तमानपत्र वाचलेल्या मुलीला यादी नजरेखालून घातली तरी पुरते. ज्यांचं वाचन नुकतंच सुरू झालंय त्यांनी हजार जोड्यांची पीडीएफ बाजूला ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. तिच्यात वाक्यं नसतात, आणि या गटातले शब्द वाक्याशिवाय एकमेकांत मिसळतात. त्याऐवजी वहीच्या डाव्या पानावर शब्द आणि त्याचं एक वाक्य लिहा, उजव्या पानावर उलटं वाक्य. मराठी अर्थ लिहायचाच असेल तर ‘किंमत कमी करणे’ खोडून डिप्रीशिएटपुढे ‘भाव उतरणे’, डिबेसपुढे ‘हिणकस करणे’, बिलिटलपुढे ‘कमी लेखणे’, डिमीनपुढे ‘मान खाली आणणे’ असं लिहा. उजवं पान मग तुमचं तुम्हालाच भरता येईल. वाक्यं कळमन्याच्या बाजारातली, घरातली, बातम्यांतली असली तर ती जास्त टिकतात. तुम्ही तर संत्र्याच्या पट्ट्यातल्या. आंबिया बहाराच्या वेळी भाव का पडतो आणि का चढतो हे तुम्ही लहानपणापासून ऐकलं असेल, डिप्रीशिएटपेक्षा सोपे फॉल आणि राइजही तिथे घालून बघा. इंग्रजीत रोजच्या बाजारभावाला तेच शब्द जास्त साजतात.

राहिला नोकरीचा अर्ज. ‘आय अप्रीशिएटेड द ऑफिस’ किंवा ‘आय अपग्रेडेड द कंपनी’ असं लिहू नका. संत्रं नुसतं विकण्याऐवजी प्रतवारी, धुणं, मेण लावणं, पेटीत भरणं किंवा रस काढणं हे करून विकलं, तर त्याला आपण मूल्यवर्धन म्हणतो, इंग्रजीत व्हॅल्यू अ‍ॅडिशन. नोकरीच्या भाषेत तोच शब्दप्रयोग चालतो, ‘अ‍ॅडेड व्हॅल्यू टु’. पण तोही आता इतक्या अर्जांत असतो की वाचणारा पुढे सरकतो. मी तुमच्या जागी असते तर काय वाढलं तेच लिहिलं असतं. हिशेबातल्या चुका कमी केल्या असतील तर ‘रिड्यूस्ड एरर्स’, काम वेळेआधी पोचायला लागलं असेल तर ‘इम्प्रूव्ह्ड डिलिव्हरी टाइम’, ग्राहक परत यायला लागले असतील तर तसं. एन्हान्स वापरायचाच असेल तर त्याच्यापुढे एक नेमकी गोष्ट ठेवा, सर्व्हिस, अ‍ॅक्युरसी, काहीही, पण एकच. तुम्ही नेमकं काय काम केलंय ते कळवलंत तर दोन वाक्यं मी बघून देईन.